कादंबरी पडद्यावर आली की वाचक का दुखावतो?

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून आलेल्या माणसाला ‘कसा होता?’ असं विचारून बघा. चित्रपटात काय होतं हे तो आधी सांगत नाही, काय नव्हतं ते सांगतो. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र बदललं, शेवट फिरवला, आणि ‘ती’ तर तशी दिसतच नव्हती. शेजारच्या खुर्चीत बसून तोच चित्रपट पाहिलेल्या, पण पुस्तक न वाचलेल्या मित्राला ही तक्रार कळत नाही. त्याला चित्रपट आवडलेला असतो आणि याला एवढा राग कशाचा आला, हे कोडं सुटत नाही.

सोलापुरात हा वाद चांगलाच रंगतो. हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तकं नेणारी आणि भागवत चित्रमंदिराच्या तिकीटबारीवर उभी राहणारी माणसं इथे पुष्कळदा तीच असतात. शिवाय घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आणि शाळेत मराठी शिकलेली कितीतरी कुटुंबं या शहरात आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची मराठी कादंबरीशी पहिली गाठ पडते ती पडद्यावर. म्हणून एकाच टेबलावर चहा पिताना आधी वाचलेले आणि आधी पाहिलेले समोरासमोर येतात, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. असं का होतं, हे जरा मुळापासून पाहू.

एका माध्यमातली कलाकृती दुसऱ्या माध्यमात नव्याने घडवणं म्हणजे माध्यमांतर. कादंबरीचा चित्रपट होताना मधे पटकथा येते: कोणतं दृश्य कुठे घडतं, कोण काय करतं आणि काय बोलतं याचं लेखन. वाचकाच्या रागाची बहुतेक कारणं या मधल्या पायरीवर तयार होतात.

एवढं गाळतात तरी का?

तीनशे पानांची कादंबरी सावकाश वाचायला आठ-दहा तास लागतात. चित्रपट असतो दोन-अडीच तासांचा. पटकथेच्या एका पानाला पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. म्हणजे पटकथा फार तर सव्वाशे-दीडशे पानांची, तीही विरळ, भरपूर मोकळी जागा सोडून टाइप केलेली. कादंबरीतला बराचसा मजकूर बाहेर राहणार हे दिग्दर्शक निवडण्याच्याही आधी ठरलेलं असतं.

पण अडचण फक्त लांबीची नाही. आपल्याकडच्या चादरीवरून हे चांगलं समजतं. चित्रकार कागदावर फूल काढतो तेव्हा पाकळी गोल असते. ती नक्षी चौकटीच्या कागदावर उतरते, त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं छिद्रं पाडून तयार होतात, आणि कुठला धागा उचलायचा हे ती छिद्रं ठरवतात. ताणा उभा, बाणा आडवा. वळणारा धागा मागावर नसतोच. म्हणून चादर डोळ्यांजवळ धरली तर पाकळीची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि चार पावलं मागे सरून पाहिलं की फूल दिसतं. नक्षीची फेरमांडणी बिघडली असेल तर मात्र कितीही मागे सरा, फूल दिसत नाही. कड पायऱ्यांची आली म्हणून विणकराला कोणी दोष देत नाही. फूलच हरवलं तर गिऱ्हाईक चादर परत करतं, आणि त्याचं ते करणं रास्त असतं.

कादंबरीचा मूळ धागा शब्दांचा. कॅमेऱ्याला दिसतं फक्त बाहेरचं: चेहरा, हात, रस्ता, उजेड. ‘त्याला लहानपणापासून या वाड्याची भीती वाटायची’ हे कादंबरीत एक वाक्य आहे. पडद्यावर ते सांगायला एक लहान मुलगा लागतो, एक वाडा लागतो, दोन-तीन दृश्यं लागतात. उलट लेखक ज्या बाजाराच्या वर्णनाला तीन पानं देतो, तो बाजार कॅमेरा पाच सेकंदांत दाखवून मोकळा होतो. म्हणून काही गोष्टी अवाच्या सवा फुगतात, काही चिमटीत मावतात, आणि पुस्तक पाठ असलेल्या वाचकाला सगळंच प्रमाण बिघडल्यासारखं वाटतं.

मग दुखतं नेमकं कुठे?

वाचक तक्रार करतो गाळलेल्या प्रसंगांची. माझं मत असं की दुखणं दुसरीकडे असतं. मराठी वाचकांच्या जिवाभावाच्या पुस्तकांची यादी काढून बघा. त्यातली कितीतरी ‘मी’ने सांगितलेली आहेत. हा ‘मी’ म्हणजे निवेदक, गोष्ट सांगणारा. त्याचा आवाज आपल्या डोक्यात कित्येक रात्री चाललेला असतो. कॅमेरा आला की हा आवाज थांबतो, आणि ज्याच्या डोळ्यांनी आपण जग पाहिलं तोच आता इतरांसारखा समोर चालताना दिसू लागतो. आपण त्याच्या आतून बाहेर फेकले जातो.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे. मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. आई आता नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. पुस्तकातला सगळा ओलावा या अंतरातून येतो: तेव्हा हट्ट करणारा मुलगा आणि आज त्या हट्टाची आठवण काढून गहिवरणारा माणूस, दोघं एकाच वाक्यात असतात. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट आईला थेट समोर उभी करतो. वनमाला आणि माधव वझे यांनी त्या मायलेकरांना असं रूप दिलं की पुढच्या पिढ्यांनी तेच चेहरे मनात धरून पुस्तक वाचलं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. तो थोर आहेच. तरी पुस्तक आधी वाचलेल्याला काहीतरी निसटल्याची जी हुरहुर लागते, ती या आठवणाऱ्या श्यामची आहे. २०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट केला तेव्हा त्यांनी खुद्द साने गुरुजींना पात्र म्हणून पडद्यावर आणलं. माझ्या समजुतीप्रमाणे हा सांगणाऱ्याला परत बोलावण्याचाच प्रयत्न आहे.

‘बनगरवाडी’चंही असंच. सांगोल्याच्या माणसाला तर ते जग घरचंच वाटतं, कारण कादंबरीतला माणदेश तिथवर पोचतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या या छोट्या कादंबरीत गाव आपल्याला कळतं ते एका तरुण मास्तरामार्फत. तो भल्या पहाटे चालत निघतो, धनगरांच्या वस्तीवर पोचतो, शाळेला पोरं मिळत नाहीत, हळूहळू माणसं त्याची होतात, आणि मग दुष्काळ सगळं पांगवून टाकतो. मास्तर फार बोलत नाही. तो पाहतो, आणि त्याचं पाहणं माडगूळकरांच्या तुटक, कोरड्या वाक्यांत आहे. अमोल पालेकरांचा १९९५ सालचा चित्रपट तो माळ, ती मेंढरं, ती घरं नीट दाखवतो. पण त्या वाक्यांची कोरड पडद्यावर आणणार कशी? माळ तर पडद्यावर सुंदर दिसतो. कॅमेऱ्याला उजाड माळही देखणा करण्याची सवय आहे, आणि माडगूळकरांच्या गद्याने तो मोह कटाक्षाने टाळलेला आहे.

‘शाळा’ हे तिसरं उदाहरण, आणि वाद सगळ्यात जास्त तिच्यावरून होतात. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. गोष्ट सांगणारा मुकुंद जोशी मनात जेवढं बोलतो त्याच्या मानाने तोंडाने फारच थोडं बोलतो. मास्तरांबद्दलची त्याची मतं, मित्रांबद्दलचे त्याचे अंदाज, वर्गातल्या आवडत्या शिरोडकरकडे चोरून पाहताना चाललेले हिशेब, सगळं आतल्या आत. डहाके यांनीच केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आधारित पटकथेचाही. पारितोषिक देणाऱ्यांनी योग्य तेच केलं असं मी म्हणेन. पण ज्यांनी कादंबरी तीन-चारदा वाचली आहे ते म्हणतात, ‘चित्रपटात प्रेमकथाच जास्त झाली.’ हे घडतं कारण शिरोडकर दिसते, मुकुंदचं बोलणं दिसत नाही. मनातली बडबड वजा केली की उरतात त्या दोन मुलांच्या नजरा, आणि नजरा पाहिल्यावर प्रेक्षकाला प्रेमकथा आठवणारच.

पडद्यामागून आवाज देता येत नाही का?

देता येतो, आणि पुष्कळजण देतात. निवेदकाची वाक्यं कोणीतरी वाचतो आणि चित्र पुढे सरकतं. थोडं वापरलं तर चालतं. फार वापरलं की चित्राला काही काम उरत नाही, आणि प्रेक्षकाला पुस्तकाचं अभिवाचन ऐकत बसल्यासारखं वाटतं.

ज्यांना हे खरोखर जमलं त्यांनी वेगळ्या वाटा काढल्या. सत्यजित राय यांनी टागोरांच्या ‘नष्टनीड’वर १९६४ साली ‘चारुलता’ केला. त्याच्या सुरुवातीला कितीतरी वेळ संवाद जवळजवळ नाहीतच. मोठ्या घरात एकटी चारू दुर्बीण घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जाते आणि रस्त्यावरची माणसं बघते. तिचं एकाकीपण सांगायला एकही वाक्य लागत नाही. आणि तरीही मूळ कथेला धरून नाही म्हणून बंगालीत टीका झाली, आणि राय यांना त्या टीकेला लेखी उत्तर द्यावं लागलं. इतक्या मोठ्या कलावंतालाही वाचकांसमोर हिशेब द्यावा लागला, यात मला तरी वाचकांचा मोठेपणा दिसतो.

आपल्याकडचं सुंदर उदाहरण ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा १९७७ सालचा हा चित्रपट डॉ. जब्बार पटेलांचा. पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले पटेल म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. ‘चित्रपटात गाणी घुसडतात’ हा वाचकाचा नेहमीचा आक्षेप. इथे गाणी भरपूर आहेत, पण ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत ठाकर आदिवासींच्या त्या जगाची गोष्ट सांगण्याचं काम करतात. कादंबरीत लेखकाचं निवेदन जे करत होतं ते इथे गाणं करतं. गाणी काढून टाकली तर चित्रपट कादंबरीच्या जवळ जाणार नाही, आणखी लांब जाईल.

पटेलांचाच ‘सिंहासन’ १९७९ सालचा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. कागदावर हे धाडस भयंकर वाटतं: एक कादंबरी मावत नाही तिथे दोन! तरी साधूंच्या वाचकांनी तो आपला मानला. त्याचं कारण मला त्या गोष्टीच्या जातीत दिसतं. राजकारणाची ती गोष्ट बाहेर घडते: बैठका, फोन, कुजबुज, मोर्चे. आणि हे सगळं बघणारा दिगू टिपणीस हा पत्रकार स्वतःच बाहेरचा माणूस आहे. निळू फुल्यांचा तो बघत राहणारा चेहरा निवेदकाची जागा घेतो.

‘नटरंग’मध्ये हेच काम अतुल कुलकर्णींच्या शरीराने केलं. सोलापूरच्या रंगभूमीवर घडलेल्या या नटाने आधी पैलवानाचा देह कमावला आणि मग तो उतरवून तमाशातला नाच्या साकारला. आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणा या नायकाची घुसमट वाचताना शब्दांतून पोचते. पडद्यावर ती खांद्यांतून आणि चालीतून पोचली.

‘ती’ तशी दिसत नव्हती, याचं काय?

हा आक्षेप लोक हसण्यावारी नेतात. मला तो गंभीर वाटतो. कादंबरीकार पात्राचा चेहरा पूर्ण कधीच सांगत नाही. दोन-चार खुणा देतो, उरलेला वाचक भरतो, आणि भरताना आपल्याच गल्लीतली, वर्गातली माणसं वापरतो. सोलापूरच्या जुनी मिल परिसरात वाढलेल्या वाचकाची शिरोडकर आणि पुण्यात वाढलेल्या वाचकाची शिरोडकर एक नसते. नट निवडला की या सगळ्या चेहऱ्यांच्या जागी एकच येतो. तो कितीही चांगला असला तरी प्रत्येकाकडून त्याचा स्वतःचा चेहरा काढून घेतला जातो.

बोलीचंही तसंच. वाचताना आपण संवाद आपल्या कानाने ऐकतो. पडद्यावर कोणीतरी ते एका ठरावीक हेलात म्हणतं, आणि माणदेशी म्हणून जे ऐकू येतं ते सांगोल्याच्या माणसाला पहिल्या वाक्यातच खोटं वाटू शकतं. या बाबतीत निर्माते फार ढिले असतात. ‘ग्रामीण’ म्हणून एकच बोली सगळ्या महाराष्ट्राला चिकटवली जाते. कोल्हापूर, सोलापूर आणि विदर्भ एका सुरात बोलू लागतात. ही तक्रार करणाऱ्या वाचकाच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. वेळ कमी आहे ही सबब इथे चालत नाही. बोली नीट बोलायला पडद्यावरचा एकही मिनिट जास्त लागत नाही.

मग दिग्दर्शकाने काहीही बदललं तरी चालेल?

नाही. बदल दोन प्रकारचे असतात. काही माध्यमासाठी लागतात आणि काही गोष्टीचा गाभाच हलवतात. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखी कधी भेटतच नाहीत. २००२ सालच्या हिंदी चित्रपटात त्या एकत्र नाचतात. दृश्य डोळे दिपवणारं आहे. पण एकाच माणसासाठी झुरणाऱ्या दोन बायका एकमेकींना कधीच भेटत नाहीत, त्यांचं दुःख वेगवेगळ्या घरांत बंद राहतं, यावर ती कादंबरी उभी आहे. तिथे हात लावल्यावर नाव तेवढं उरतं.

आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’चा प्रश्न जास्त अवघड आहे. कादंबरी त्यांच्या काल्पनिक मालगुडीतली. १९६५ सालचा विजय आनंद यांचा ‘गाइड’ राजस्थानात गेला. कादंबरीच्या शेवटी पाऊस खरंच येतो का आणि त्या पावसासाठी उपास धरलेल्या नायक राजूचं काय होतं, हे लेखकाने धूसर ठेवलं आहे. चित्रपटात पाऊस कोसळतो. नारायण यांना झालेला प्रकार पसंत नव्हता आणि त्यांनी तसं लिहिलंही. इकडे प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. माझ्या मते मालगुडी सोडणं क्षम्य होतं, पाऊस पाडणं नव्हतं, कारण नारायण यांनी वाचकाला शंकेत ठेवलं होतं आणि चित्रपटाने ती शंकाच पुसली. यावर माझ्याशी न पटणारे खूप आहेत, हे मला माहीत आहे. तो शेवट पाहून रडलेली माणसं माझ्या घरातच आहेत.

लेखकाने हक्क विकल्यावर तक्रार कसली?

हा प्रश्न निर्मात्यांच्या बाजूने येतो आणि कायद्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कादंबरीवरून चित्रपट करण्याचा हक्क लेखकाकडे असतो आणि तो निर्मात्याला देता येतो. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचे काही खास हक्क आहेत, जे बाकीचे हक्क विकल्यावरही त्याच्याकडे राहतात: कृतीचा कर्ता म्हणून नाव लागणं, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड थांबवणं.

याची कसोटी लागली ती मन्नू भंडारी यांच्या प्रकरणात. त्यांच्या ‘आपका बंटी’ या हिंदी कादंबरीवर ‘समय की धारा’ हा चित्रपट तयार झाला. त्यातले बदल त्यांना मान्य नव्हते. त्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितलं त्याचा मथितार्थ असा: माध्यम बदलताना लागणारे फेरफार करता येतील, पण हक्क घेतले म्हणजे मूळ कृती विद्रूप करण्याची मुभा मिळाली असं होत नाही. चादरीच्या पायऱ्या आणि हरवलेलं फूल यांतला फरक न्यायालयालाही मान्य आहे, असं मला हे वाचताना वाटलं.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हा प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’वर कोणीही चित्रपट करू शकतो. वाचकाला मात्र कायद्याने कोणताच हक्क दिलेला नाही. त्याच्याजवळ आहे ते फक्त मत, आणि ते त्याने मोठ्याने सांगायलाच हवं. पुस्तक इतकी वर्षं जिवंत राहिलं म्हणून तर निर्मात्याला त्याच्याकडे यावंसं वाटलं, आणि ते वाचकांनी जिवंत ठेवलं.

मालिका केली तर प्रश्न सुटेल?

लांबीचा सुटतो. आठ-दहा भागांत कादंबरी ऐसपैस बसते. दूरदर्शनवर रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या माधवराव-रमाबाईंना उसंत मिळाली, आणि त्या उसंतीमुळेच ती मालिका घराघरांत गेली. पण निवेदकाचा प्रश्न तसाच राहतो. आणि मालिका चालली की ती वाढवण्याचा मोह येतो. तिथे गाळण्याऐवजी पाणी घालण्याचा धोका असतो, आणि तो मला जास्त वाईट वाटतो.

आधी पुस्तक की आधी चित्रपट?

सरसकट नियम नाही. गोष्ट कोण सांगतंय ते पाहून ठरवावं. ‘मी’ने सांगितलेली कादंबरी आधी वाचावी, कारण पडद्यावरचा चेहरा एकदा मनात बसला की तो आतला आवाज पुन्हा स्वच्छ ऐकू येणं कठीण. ‘शाळा’ आणि ‘बनगरवाडी’ म्हणून आधी वाचा. ‘श्यामची आई’चे अत्र्यांनी दिलेले चेहरे आता इतके सर्वांचे झाले आहेत की क्रम फारसा उरलेला नाही. मुलांना मात्र पुस्तकातली एखादी तरी रात्र आधी मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज त्यांना आधी भेटेल. ‘जैत रे जैत’ आधी पाहिला तरी हरकत नाही. आणि ‘सिंहासन’ तर आधी पाहावाच. साधूंच्या कादंबऱ्यांत माणसं इतकी आहेत की मंत्री, कामगार पुढारी, दलाल यांना चेहरे मिळाले की वाचन सोपं होतं. मग वाचनालयातून ‘मुंबई दिनांक’ पहिल्यांदा आणा आणि ‘सिंहासन’ त्यानंतर, कारण ‘मुंबई दिनांक’ आधीची आहे.